हिस्लॉपसाहेबांची हातोडी

नागपुरातील जुन्या सुशिक्षित घराण्यांत 'हिस्लॉप' हे नाव घरच्या माणसाच्या नावाइतके परिचित आहे. कोणाचे आजोबा हिस्लॉपातून बी. ए. झालेले असतात, कोणाची नात आज तेथे शिकत असते. तथापि हा हिस्लॉप कोण, असा प्रश्न टाकला असता बहुतेकांची गाडी तेथेच अडते. मागे एका बुद्धिमान विद्यार्थ्याने आम्हास उत्तर दिले की, महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा तो इंग्रज सेनापती. मुलाचे वाचन चांगले होते हे कबूल केले पाहिजे, कारण महिदपूरचा सर टॉमस हिस्लॉप हा खराच आहे. मात्र तो निराळा गृहस्थ. आमचा स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडातील डन्झ या लहानशा गावी इ. स. १८१७ च्या सप्टेंबरात जन्मला. म्हणजे त्याच वर्षी नोव्हेंबरात आमच्या सीताबर्डीची आणि डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली, तेव्हा तो पाळण्यात होता. त्याच्या हाती पुढे तलवार आली नाही. आली ती दगड फोडण्याची हातोडी, आणि तीही धर्मोपदेशकाचा झगा अंगावर चढल्यानंतर.

हा झगा आणि ही हातोडी एका माणसापाशी कशी नांदली, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आम्ही ख्रिस्ती नव्हे, आणि मिशनऱ्यांच्या धर्मांतराच्या खटाटोपाचे मंडन करावे अशी आमची मुळीच इच्छा नाही. परंतु श्रद्धा आणि विद्या यांच्याविषयी आमच्या मध्यमवर्गीय घरांतून जी एक समजूत बोकाळली आहे तिचा विचार करताना या पाद्र्याचे चरित्र वारंवार आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ती समजूत अशी की, ज्याचे मन देवाकडे लागले त्याला हातातले कसब वाढविण्याची गरज नाही, कारण देव भाव पाहतो. आणि ज्याने एखाद्या शास्त्राला वाहून घेतले त्याने देवघरात बसणे हे एक तर सवयीचे, नाही तर ढोंगाचे. पहिल्या प्रकारच्या घरात पूजा चोख आणि मुलांचे पाढे कच्चे. दुसऱ्या प्रकारच्या घरात त्याच्या उलट. समर्थांच्या महाराष्ट्रात ही फारकत रुजावी याचे आम्हास नवल वाटते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास अक्षर कसे काढावे यावर आहे. ब्रह्मनिरूपण करणाऱ्या पुरुषाने अक्षरांची वाटोळी सरळ ठेवण, कागद, शाई आणि लेखण्या यांचा विचार करण्यात एक समास खर्च केला, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही.

हिस्लॉपने समर्थांचे नाव नागपुरास येण्यापूर्वी ऐकलेले असणे संभवत नाही. त्याची शिकवण निराळ्या गुरुकुलातील. एडिंबरा येथे तो धर्मशास्त्र शिकला ते टॉमस चामर्स या विख्यात उपदेशकाच्या छायेत. इ. स. १८४३ च्या मे महिन्यात याच चामर्सच्या पुढारीपणाखाली साडेचारशेंहून अधिक धर्मोपदेशक स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमधून बाहेर पडले. गावच्या जमीनदाराने आपल्या मर्जीतला उपदेशक मंडळीच्या माथी मारावा, हे त्यांना मान्य नव्हते. पगार गेले, राहती घरे गेली. त्यांनी 'फ्री चर्च' नावाचा आपला स्वतंत्र संसार थाटला, आणि त्या मंडळीच्या वृत्तपत्राचा संपादक कोण होता? ह्यू मिलर, जो तरुणपणी खाणीत दगड फोडणारा पाथरवट होता आणि तेथेच ज्याला भूगर्भशास्त्राचा नाद लागला. बायबलातील सृष्टीचे सहा दिवस हे प्रत्येकी युगायुगांचे मानावेत असा त्याचा अभिप्राय. हा तोडगा शास्त्रदृष्ट्या टिकला नाही हे खरे; पण त्या मंडळीत खडकाला हात लावणे म्हणजे देवाच्या विरुद्ध साक्ष गोळा करणे, अशी भीती नव्हती, हे येथे महत्त्वाचे. शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानात तीन चाकरांचा जो दृष्टान्त आहे तो त्यांच्या अंगी मुरलेला होता. धन्याने सोपविलेला पैसा ज्याने भीतीने जमिनीत पुरून ठेवला, त्याच्यावर धनी संतापला. मिळालेली शक्ती न वाढविणे हा त्यांच्या लेखी आळस नव्हे, तर पाप होते.

अशा संस्कारांत वाढलेला हा तरुण १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरास पोचला. तेव्हा येथे तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे राज्य होते, इंग्रजांची पलटण कामठीस होती, आणि रेल्वे यावयास अजून बावीस वर्षे होती. तयारीचा पहिला भाग अर्थातच भाषेचा. परक्या मुलखात आलेल्या उपदेशकाने दुभाष्यावर भागवावे, ही सोय सगळ्यांनाच मोहविते; पण मराठीच्या बाबतीत ख्रिस्ती उपदेशकांची परंपरा निराळी आहे. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षे तो ओवी ऐकत, घोकत, घडवीत होता. आमच्या आंग्लविद्याविभूषित पदवीधरांपैकी किती जणांनी एखादी परभाषा अशा धीराने हाती धरली आहे? (प्रस्तुत लेखक स्वतःस या प्रश्नातून वगळीत नाही.) हिस्लॉपच्या वाट्याला तितकी वर्षे नव्हती. त्याने मराठी आत्मसात केली, ती बोलत तो गावोगाव हिंडला, आणि पुढे गोंडांच्या बोलीकडे वळला. १८४६ मध्ये त्याने शहरात शाळा काढली. तिचा विस्तार पुढे कसा झाला हे वाचकांस ठाऊकच आहे. त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, तिच्या परंपरेतूनच त्याच्या नावाचे कॉलेज उभे राहिले. शाळेविषयी याहून अधिक येथे लिहीत नाही, कारण हिस्लॉपची खरी शाळा आम्हास नागपूरच्या भोवतालच्या माळांवर भरलेली दिसते.

१८४७ मध्ये त्याच्या जोडीस रॉबर्ट हंटर हा दुसरा मिशनरी आला, आणि योगायोग असा की, त्यालाही सृष्टिनिरीक्षणाचे वेड. थंडीच्या दिवसांत दोघांनी गावांतून उपदेशाच्या फेऱ्या काढाव्यात आणि वाटेत ओढ्याच्या काठी, खाणीच्या तोंडाशी, विहिरीच्या उकरीवर थबकावे, असा क्रम सुरू झाला. १८५१ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेस टाकळीजवळ त्यांना एका थरात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे दगड झालेले शंख आढळले. या शोधाचे मर्म कळण्यास सीताबर्डीच्या टेकडीकडे पाहिले पाहिजे. टेकडीच्या अंगाशी खाली काळा कातळ आहे, वरही काळा कातळ आहे, आणि या दोहोंच्या मध्ये गाळाचा एक पातळ पट्टा आहे. दोन्ही कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. मधला पट्टा म्हणजे तळ्याचा तळ. अर्थात, एकदा लाव्हा वाहून गेला. तो थंड झाल्यावर त्यावर पावसाचे पाणी साचून तळी झाली. तळ्यांत शंखशिंपले झाले, काठाला झाडे वाढली, त्यांची फळे आणि बिया चिखलात पडल्या, भुंगेरे पडले. आणि मग पुन्हा अग्निप्रलय येऊन हे सारे झाकून गेले. दख्खनचे पठार एका दमात झालेले नाही, मध्ये जीवसृष्टीला श्वास घेण्यापुरती उसंत मिळत गेली, ही गोष्ट नागपूरच्या या पट्ट्याने बोलून दाखविली. अशा शंखांची नोंद हिस्लॉपच्या आधी माल्कमसन नावाच्या शोधकाने केलेली होती. परंतु नागपूरच्या परिसराचा असा कसून अभ्यास या दोन पाद्र्यांपूर्वी कोणी केला नव्हता. त्यांचा संयुक्त निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला.

या थरांचे वय हिस्लॉपने तृतीय कल्पाच्या आरंभी नेऊन बसविले होते. किरणोत्सारी द्रव्यांच्या साहाय्याने काल मोजण्याची युक्ती तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. आज त्या युक्तीने दख्खनच्या मुख्य लाव्ह्याचा काळ सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा ठरला आहे, आणि तृतीय कल्पाचा उंबरठाही नेमका तेथेच येतो. केवळ शंख आणि बिया यांच्यावरून काढलेला अंदाज इतका जवळ जावा, हे त्याच्या डोळ्याचे श्रेय.

आम्ही स्वतः चाळीस वर्षे सीताबर्डीच्या पायथ्याने ये-जा केली. किल्ला लष्कराच्या ताब्यात, वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांना खुला. तेव्हा मुलाबाळांस घेऊन वर गेलो, १८१७ च्या रणसंग्रामाची हकीकत त्यांना रसभरित सांगितली, आणि पायांखालच्या पट्ट्याकडे एकदाही पाहिले नाही. तो दाखविला एका भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याने, तोही आमच्याच विद्यार्थ्याचा मुलगा.

परंतु हिस्लॉपच्या तयारीचे जे अंग आम्हास सर्वांत मोलाचे वाटते ते निराळेच आहे. आपल्याला काय येत नाही, याची त्याला पक्की जाण होती. दक्षिणेस साठ मैलांवर, चांद्याकडील मांगली येथे तांबड्या वालुकाश्मात एका प्राण्याची चपटी, रुंद कवटी मिळाली. हातात आलेल्या चिजेवर घाईने नाव ठोकून मोकळे होण्याचा मोह कोणाला झाला नसता? पण ती गेली लंडनास रिचर्ड ओएनकडे, ज्याने 'डायनोसॉर' हा शब्द जगाला दिला त्याच ओएनकडे. बेडकाच्या दूरच्या कुळातील या प्राचीन उभयचराचे 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' असे नामकरण त्याने केले. कामठी, सिलेवाडा, बोखारा, भरतवाडा येथील वालुकाश्मात प्राचीन वनस्पतींचे ठसे मिळाले. ते बनबरी या वनस्पतिज्ञाने वर्णिले. टाकळीच्या भुंगेऱ्यांचे पंख अँड्र्यू मरेकडे गेले. मांगलीचे सूक्ष्म शिंपले रूपर्ट जोन्सकडे. खनिजे डब्लिनच्या हॉटनकडे. त्याने त्यांतील दोहोंना 'हिस्लोपाइट' आणि 'हंटराइट' अशी या जोडीची नावे दिली, जरी स्वतंत्र खनिजे म्हणून ती आता मानली जात नाहीत. नागपूरच्या तळ्यात आढळलेला, दगडाशिंपल्यांवर वसाहत करून राहणारा एक सूक्ष्म जीव मुंबईच्या कार्टर डॉक्टरांनी १८५८ मध्ये 'हिस्लोपिया' म्हणून नोंदविला, आणि ते नाव मात्र आजही प्राणिशास्त्रात चालू आहे. रेल्वेवाचून, तारेवाचून, दगडांच्या पेट्या बांधून मुंबईकडे रवाना करावयाच्या, आणि एकेका उत्तराची महिनोन्‌महिने वाट पहावयाची. कामठीच्या ठशांत 'ग्लॉसोप्टेरिस' नावाची जिभेच्या आकाराची पाने होती. तशीच पाने दक्षिण गोलार्धातील खंडांतही निघाली, आणि या साम्यावरूनच हे सर्व भूभाग एके काळी एक होते असे अनुमान निघून एडुआर्ड स्यूसने १८८५ मध्ये त्या अखंड भूमीला गोंडांच्या मुलखावरूनच नाव दिले: गोंडवनभूमी. हिस्लॉपला हे पाहावयास मिळाले नाही.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. श्रद्धावान ख्रिस्ती विचारील: ज्या मंडळीच्या पैशावर हा मनुष्य नागपुरास राहिला, तिने त्याला शंख वेचण्यासाठी पाठविले होते काय? आणि आमचा हिंदू वाचक म्हणेल: ही सारी विद्या म्हणजे माशाच्या गळाला लावलेले आमिष. पहिल्या आक्षेपास एवढेच उत्तर की, गावोगावचा उपदेश चालला, शाळा चालल्या, आणि दगड वाटेवरच मिळाले. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. इंग्रजी शिकवू, त्याबरोबर बायबलही शिकवू, हा त्या शाळांचा उघड सौदा होता, आणि त्यामागे हिंदू धर्माविषयी जो तुच्छभाव होता तो आम्हास आजही बोचतो. पण आमिष म्हणून टाकलेल्या विद्येत इतका जीव कोणी ओतीत नाही. मांगलीच्या कवटीने एकही हिंदू बाटला नसता, हे हिस्लॉपला कळत होते.

तसे पाहिले तर धर्मांतराच्या हिशेबात नागपूर मिशनचे पीक थोडेच निघाले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा सर्वांत थोर कवी नागपुरात राहून गेला खरा. परंतु नारायण वामन टिळक येथे होते ते आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने, संस्कृत ग्रंथांच्या कामावर, आणि त्यांच्या हाती नवा करार पडला तो मिशनच्या शाळेत नव्हे, तर नागपूर सोडून राजनांदगावास जाताना आगगाडीत, एका अपरिचित युरोपियनाकडून. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची कवित्वशक्ती, त्यांचे संस्कृत, त्यांचा कीर्तनाचा कान, सारी तयारी आधीच झालेली होती. नव्या श्रद्धेने त्यांना विषय दिला. हात त्यांचा आधीच घडलेला होता. हिस्लॉपचे आणि टिळकांचे हे साम्य आमच्या मते पुष्कळ बोलके आहे. दोघांनीही देवाच्या दारी रिकाम्या हाताने जाणे नाकारले.

आता गोंडांकडे वळू. मध्यप्रांतातील आदिवासींविषयी हिस्लॉप वर्षानुवर्षे टिपणे करीत होता: जमातींच्या रीतिभाती, त्यांच्या शब्दांची तुलनात्मक कोष्टके आणि त्यांची गाणी. त्यांत सर्वांत मोठे ते लिंगोचे गाणे. गोंडांचे देव गुहेत कोंडले गेले आणि लिंगोने त्यांना कसे सोडविले, गोंडांची कुळे कशी लावून दिली, याची ही दीर्घ कथा एका परधानाच्या तोंडून उतरून घेण्यात आली. परधान हे गोंडांचे भाट. किंगरीच्या साथीवर कुळकथा गाणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. सैतानाची करणी म्हणून जे मिटवावयास तो आला होता असे आपण समजू, तेच शब्दशः जपून ठेवण्यासाठी या पाद्र्याने एवढी खटपट करावी, ही विसंगती त्याला स्वतःला जाणवली की नाही, याची आम्ही पुष्कळ वेळा कल्पना करून पाहिली आहे. आमचा तर्क असा की, जे खरे आहे ते नीट टिपले पाहिजे ही शिस्त त्याच्या हाताला इतकी बसली होती की, दगड असो की गाणे, हात तसाच चालला.

इ. स. १८६३ च्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या समवेत तो नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे गेला. तेथे प्राचीन शिलावर्तुळे आहेत. त्यांचे उत्खनन पाहण्यासाठी ही मंडळी जमली होती. (याच टाकळघाटचे आणि शेजारच्या खाप्याचे पद्धतशीर उत्खनन पुढे शंभरेक वर्षांनी नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी केले, आणि लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या लोकांची ती दफनस्थाने, हे निश्चित झाले.) ता. ४ रोजी दिवसभराचे काम आटोपून हिस्लॉप तळ पडला होता त्या बोरी गावाकडे एकटाच घोड्यावरून निघाला. पावसाळ्याचे दिवस, वाटेत ओढा फुगलेला. तळावर घोडा पोचला, स्वार पोचला नाही. शोध करता ओढ्यात त्याचा देह मिळाला. वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी होण्यास काही दिवसच उरले होते.

मागे राहिले ते कागद. टेंपलने ते जुळविले, संपादिले, आणि १८६६ मध्ये मध्यप्रांतातील मूळच्या जमातींविषयीचे निबंध म्हणून पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. पहिल्या भागात जमातींचे वर्णन, दुसऱ्यात शब्दांची कोष्टके, तिसऱ्यात गोंडी गाणी अर्थासह. लिंगोचे गाणे कॅप्टन फॉर्साइथने १८७१ च्या आपल्या ग्रंथात लाँगफेलोच्या 'हायावाथा'च्या वृत्तात इंग्रजीत घातले, आणि ते विलायतेतही वाचले गेले. पुढे गोंडांवर ज्याने ज्याने लिहिले त्याला या कागदांकडे यावे लागले.

या पुस्तकाविषयी आमची एकच तक्रार आहे, आणि ती हिस्लॉपवर नाही, त्या काळाच्या रीतीवर आहे. शेकडो ओळींची ती कथा मुखोद्गत असणे, तिच्या लयीला किंगरी जुळविणे, कुळाचा देव चुकू न देणे, ही काही लहान तयारी नव्हे. ती बापाकडून मुलाकडे वर्षानुवर्षांच्या घोटण्याने येते, आणि तिच्या मुळाशीही श्रद्धाच असते. पाद्र्यापुढे बसून गाणारा तो परधान या बाबतीत पाद्र्याचाच सगोत्र होता. पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर लेखक हिस्लॉप आणि संपादक टेंपल अशी दोन नावे आहेत. परधानाचे नाव त्यावर नाही.